डिझेल इंजिनाचे गॅस्केट बदलणे व तुटलेले बोल्ट काढणे

विहिरीवर विजेचे पंप आता बहुतेक गावी बसले आहेत, सौरपंपही येत आहेत. तथापि जेथे वीज पोहोचत नाही अगर वेळेवर मिळत नाही, अशा नदीकाठच्या व आडबाजूच्या शेतांवर पाणी उपसण्याचे काम पाच अश्वशक्तीचे डिझेल इंजिनच करीत असते. हे इंजिन दणकट असते व फारसे कुरकुरतही नाही. परंतु ते बंद पडते ते बहुधा नेमके उन्हाच्या दिवसांत. रब्बी कांदा पोसू लागला असताना पाण्याची एक पाळी चुकली तरी कांदा लहान राहतो, व त्या पाळीची भरपाई पुढे कितीही पाणी दिले तरी होत नाही. अशा वेळी शेतकऱ्याला घाई होते, आणि या घाईतच मूळच्या लहान बिघाडातून मोठा बिघाड निर्माण होतो. गॅस्केट हा किरकोळ किमतीचा भाग आहे. पण ते बदलताना तुटलेला एक बोल्ट व तो काढताना तडकलेले हेड यांची किंमत किरकोळ नसते. म्हणून हे काम घरी करू इच्छिणाऱ्या शेतकरी बंधूंनी त्याची रीत व त्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी नीट समजून घेणे इष्ट होय.

गॅस्केटचे कार्य

इंजिनाचे दोन भाग जेथे एकमेकांवर बसतात, तेथे त्यांचे पृष्ठभाग कितीही सफाईने घासलेले असले तरी त्यांत सूक्ष्म खाचखळगे राहतातच. हे खळगे भरून काढण्यासाठी मध्ये जो दबणारा पत्रा अगर कागद घालतात त्यास गॅस्केट म्हणतात. गावचे मिस्त्री त्यालाच 'पॅकिंग' म्हणतात. इंजिनात अशी गॅस्केटे अनेक असतात. बाजूच्या झाकणाला कागदी, रॉकरच्या झाकणाला बुचाच्या लाकडाचे अगर रबरी, सायलेन्सरच्या जोडाला उष्णता सोसणारे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिलिंडर व हेड यांमधील हेड गॅस्केट.

हेड गॅस्केटवर केवढा भार येतो याचा अंदाज साध्या हिशेबाने येईल. ८० मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर भरते. इंधन पेटते त्या क्षणी आतील दाब दर चौरस सेंटिमीटरला ६० किलोग्रॅम धरला, तर हेड वर उचलू पाहणारे बळ सुमारे ३,००० किलोग्रॅम, म्हणजे ३ टन होते. मिनिटाला १,५०० फेरे घेणाऱ्या चार धावांच्या इंजिनात असा धक्का मिनिटाला ७५० वेळा व तासाला ४५,००० वेळा बसतो. हा भार मोजक्या बोल्टांनी सारखा वाटून घ्यावयाचा असतो. एक बोल्ट सैल व दुसरा अतिघट्ट असला, तर सैल बाजूने वायू वाट काढतो व गॅस्केट तेथून जळते.

बिघाडाची लक्षणे

हेड गॅस्केट गेल्याची लक्षणे पुढीलप्रमाणे दिसून येतात. हँडल मारताना पूर्वीसारखा जोर लागत नाही व इंजिन लवकर सुरू होत नाही. हेड व सिलिंडर यांच्या सांध्यातून 'फस्स' असा आवाज येतो. तेथे तेलाचे दोन थेंब टाकल्यास बुडबुडे उठतात. थंड करणाऱ्या पाण्याच्या परतीच्या नळीतून पाण्याबरोबर हवेचे फुगे येत राहतात. सायलेन्सरमधून सतत पांढरी वाफ निघते.

यापुढील लक्षण सर्वांत धोक्याचे आहे. तेल मोजण्याची पट्टी काढून पाहिली असता तेल ताकासारखे पांढुरके दिसले, किंवा न भरता तेलाची पातळी वाढलेली आढळली, तर पाणी वंगणात उतरत आहे असे समजावे. अशा स्थितीत इंजिन एक तासही चालवू नये. पाणी मिसळलेले तेल बेअरिंगचे रक्षण करू शकत नाही, आणि क्रँक खराब झाला म्हणजे खर्च अनेक पटींनी वाढतो. खात्री करून घ्यावयाची असल्यास इंजिन रात्रभर बंद ठेवावे व सकाळी तळाचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्याने पाणी साचले असेल तर प्रथम तेच बाहेर येते.

बिघाडाचे मूळ कारण

गॅस्केट क्वचितच आपणहून जाते. कारण न शोधता नुसते नवे बसविले, तर तेही थोड्याच दिवसांत जळते. पुष्कळ इंजिनांना थंड करणारे पाणी पंपाच्याच नळीतून दिलेले असते. उन्हाळ्यात विहिरीची पातळी खाली गेली, फूट व्हॉल्व्ह गळू लागला अगर जाळीत कचरा अडकला, की पंप हवा ओढतो. पंपाचे पाणी थांबताच इंजिनाचेही पाणी थांबते व ते तापते. तापलेल्या हेडवर कोणी बादलीने गार पाणी ओतले, तर ओतीव लोखंडास तडा जातो अगर हेड वाकडे होते. इंजिन तापल्यास त्यावरील भार काढून ते बंद करावे व आपोआप निवू द्यावे.

दुसरे कारण क्षारांचे. विहिरीचे पाणी जड असेल तर हेडमधील पाण्याच्या वाटांत पांढरी कठीण पुटे बसतात व पाणी फिरत नाही. हेड उतरविले असता या वाटा तारेने साफ करून घ्याव्यात. तिसरे कारण म्हणजे मागील वेळी बोल्ट असमान कसलेले असणे.

हेड उतरविण्याची रीत

इंजिन पूर्ण थंड झाल्याखेरीज कामास हात लावू नये. इंजिनाभोवतीची माती व तेलकट घाण प्रथम रॉकेल व ब्रशने धुवावी. इंधनाची तोटी बंद करावी, पाणी काढून टाकावे, आणि इंधनाच्या नळ्या सोडवून त्यांची तोंडे स्वच्छ फडक्याने बांधावीत. पंप व इंजेक्टर यांत धुळीचा कण गेला तर तो गॅस्केटपेक्षा मोठा त्रास देतो.

एका पुठ्ठ्यावर हेडची आकृती काढून जेथला बोल्ट तेथेच भोक पाडून खोवावा. सर्व बोल्ट सारख्या लांबीचे असतीलच असे नाही. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर तो तळाला टेकतो. घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण हेड दाबत नाही.

बोल्ट सोडताना कडेच्या बोल्टापासून मध्याकडे व समोरासमोर असा क्रम ठेवावा. प्रत्येक बोल्ट प्रथम अर्धा फेरा सैल करावा, नंतर पूर्ण काढावा. हेड चिकटून बसले असेल तर सांध्यात छिन्नी अगर स्क्रूड्रायव्हर खुपसू नये. असा एक ओरखडा नवे गॅस्केट निकामी करण्यास पुरेसा असतो. लाकडी ठोकळा ठेवून बाजूने हलके ठोके द्यावेत, म्हणजे हेड सुटते. ते उचलण्यास दोन माणसे असावीत.

पृष्ठभागाची स्वच्छता व तपासणी

जुन्या गॅस्केटांत ॲस्बेस्टॉस वापरण्याचा पूर्वी सर्रास प्रघात होता, व जुन्या इंजिनावर ते आजही सापडते. त्याची धूळ श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास अनेक वर्षांनी गंभीर रोग होऊ शकतात, कर्करोगही त्यांत येतो. म्हणून जुने गॅस्केट कोरडे खरवडू नये, तारेच्या ब्रशने घासू नये व फुंकर मारून धूळ उडवू नये. ते पाण्याने अगर तेलाने चांगले भिजवून बोथट पट्टीने सोडवावे. निघालेले तुकडे ओले असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावेत; चुलीत अगर उकिरड्यावर टाकू नयेत.

पट्टी फिरविण्यापूर्वी दट्ट्यावर व पाण्याच्या भोकांत स्वच्छ फडकी कोंबावीत आणि काम झाल्यावर ती मोजून काढावीत. पृष्ठभागावर घासकागद बोटांनी रगडू नये, कारण तेथे खड्डा पडतो.

यानंतर पोलादी पट्टी उभी धरून हेडच्या पृष्ठभागावर लांबीत, रुंदीत व दोन्ही कर्णांवर ठेवावी आणि खालून फीलर गेजचे पाते घालून पाहावे. इंजिनाच्या पुस्तिकेत मर्यादा दिलेली असते. ती उपलब्ध नसल्यास ०.१ मिलिमीटरचे पाते सहज सरकेल एवढी फट असलेले हेड कार्यशाळेत नेऊन सपाट करून घ्यावे. काही इंजिनांत सिलिंडरची आतील लायनर मुद्दाम किंचित वर राखलेली असते. ती दोष समजून कानशीने घासू नये.

नवे गॅस्केट बसविणे

नवे गॅस्केट जुन्याच्याच जाडीचे असावे. कित्येक ठिकाणी गळती थांबावी म्हणून एकावर एक दोन गॅस्केटे घालण्याची चाल आहे. ती सर्वस्वी चुकीची आहे. ८० मिलिमीटर व्यास, ११० मिलिमीटर धाव व १६.५ पट दाबाचे प्रमाण असलेल्या इंजिनात दट्ट्यावरील मोकळी जागा सुमारे ३५.७ घन सेंटिमीटर असते. त्यात १.२ मिलिमीटर जाडीचे आणखी एक गॅस्केट पडले, तर ही जागा ६ घन सेंटिमीटरने वाढते व दाबाचे प्रमाण सुमारे १४.३ वर येते. डिझेल दाबाच्या उष्णतेनेच पेटत असल्यामुळे मग थंडीत इंजिन सुरू होत नाही, धूर काढते व अधिक इंधन खाते. उलट गॅस्केट फार पातळ असल्यास दट्ट्या हेडवर आदळण्याचा धोका असतो. शंका असल्यास दट्ट्यावर मऊ शिशाच्या तारेचा तुकडा ग्रीसने चिकटवावा, हेड कसावे आणि इंजिन हाताने सावकाश फिरवावे. हेड काढून चपटी झालेली तार मोजली म्हणजे दट्ट्या व हेड यांमधील अंतर कळते. ते पुस्तिकेतील आकड्याशी जुळले पाहिजे.

एकदा दबलेले हेड गॅस्केट पुन्हा वापरू नये. नवे गॅस्केट घरी खुंटीला टांगून ठेवू नये, ते वाकते. पुस्तिकेत सांगितल्याखेरीज त्यावर ग्रीस, लाख अगर कोणताही चिकट पदार्थ लावू नये. भोके जुळतात की नाही हे पाहूनच ते ठेवावे. उलटे बसल्यास पाण्याची वाट बंद होते.

बोल्ट कसण्यापूर्वी सिलिंडरच्या ठोकळ्यातील भोके कापडाने पुसून कोरडी करावीत. तळबंद भोकात तेल अगर पाणी राहिले, तर उतरणारा बोल्ट त्यास दाबतो. द्रव दबत नसल्याने ठोकळाच तडकू शकतो. बोल्टाच्या आट्यांना मात्र तेलाचे बोट लावावे. सर्व बोल्ट प्रथम हातानेच बसवावेत. हाताने दोनतीन फेरेही न जाणारा बोल्ट वाकडा लागला आहे असे समजून तो काढावा. नंतर मध्यापासून कडेकडे व समोरासमोर या क्रमाने तीन टप्प्यांत कसावे: प्रथम पूर्ण जोराच्या एक तृतीयांश, नंतर दोन तृतीयांश व शेवटी पूर्ण. जोर दाखविणारा टॉर्क पाना तालुक्याच्या गावी मिस्त्रीकडे मिळतो. एका दिवसापुरता मागून आणावा.

इंजिन अर्धा तास चालवून निवल्यावर, पुस्तिकेत तसे सांगितले असल्यास, बोल्ट त्याच क्रमाने पुन्हा तपासावेत. हेड किंचित खाली बसत असल्याने त्यानंतर झडपांची फट पुन्हा लावून घ्यावी. इंधनाच्या नळीतील हवा काढताना इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. तो फवारा कातडी भेदून आत जातो व जखम लहान दिसली तरी तत्काळ डॉक्टरकडे जावे लागते.

कागदी गॅस्केट घरी करणे

बाजूच्या झाकणांची गॅस्केटे मात्र घरी करता येतात. त्यासाठी तेल सोसणारा गॅस्केटचा कागद दुकानातून आणावा. वहीचा पुठ्ठा चालत नाही. झाकणाच्या कडेला तेलकट बोट फिरवून त्यावर कागद दाबला म्हणजे आकृती उमटते. ती कात्रीने कापावी व बोल्टांची भोके पोकळ पंचाने लाकडी ठोकळ्यावर पाडावीत. कागद झाकणावर ठेवून हातोडीने कड ठोकून कापण्याची रीत जलद असली तरी मऊ धातूच्या झाकणाची कड तीमुळे खराब होते. हेड गॅस्केट कधीही घरी कापू नये.

बोल्ट का तुटतात

बोल्ट तुटण्याचे मुख्य कारण हाताचा जोर व बोल्टाचा आकार यांचा मेळ न घालणे हे होय. ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्यावर २० किलोग्रॅम जोर दिला तर पीळ ६ किलोग्रॅम-मीटर होतो. पान्यात नळी अडकवून लांबी ६० सेंटिमीटर केली, की तेवढ्याच श्रमात तो १२ होतो. उलट ८.८ प्रतीचा ६ मिलिमीटरचा बोल्ट सुमारे १, ८ मिलिमीटरचा सुमारे २.५ व १० मिलिमीटरचा सुमारे ५ किलोग्रॅम-मीटर एवढाच पीळ मागतो. यावरून झाकणाचे लहान बोल्ट मोठ्या पान्याने कसले तर ते का तुटतात हे ध्यानात येईल. लहान बोल्टाला लहान पाना, व तोही बोटांच्या जोराने, हा नियम पाळावा.

दुसरे कारण आट्यांची गल्लत. ब्रिटिश धर्तीच्या जुन्या इंजिनांवर इंची आट्यांचे, तर नव्यांवर मेट्रिक आट्यांचे बोल्ट असतात. तीन अष्टमांश इंचाचा बोल्ट व १० मिलिमीटरचा बोल्ट दिसावयास जवळजवळ सारखे असतात. पण पहिल्याच्या दोन आट्यांतील अंतर १.५९ मिलिमीटर व दुसऱ्याच्या १.५ मिलिमीटर असते. आट्यांचा कोनही पहिल्याचा ५५ व दुसऱ्याचा ६० अंश. एकाच्या जागी दुसरा जोराने घातला तर आटे मरतात अगर बोल्ट तुटतो. नवा बोल्ट जुन्याच्या आट्यांत आटे घालून धरावा. मधून उजेड दिसल्यास तो वेगळा आहे असे समजावे. तिसरे कारण गंज. सोडताना बोल्ट रबरासारखा पीळ घेऊ लागला, तर तो तुटण्याच्या बेतात आहे. त्याच क्षणी हात आवरावा, बोल्ट पुन्हा किंचित कसावा, तेल सोडावे व थांबावे.

तुटलेला बोल्ट काढणे

बोल्ट तुटला म्हणजे प्रथम काहीही करू नये. तुकडा पृष्ठभागाच्या वर आहे, बरोबर आहे की खाली आहे, हे पाहून मगच रीत ठरवावी.

तुकडा वर राहिला असल्यास काम सोपे असते. गंज सोडविणारे तेल, ते नसल्यास डिझेल व पातळ तेलाचे मिश्रण, तुकड्याच्या मुळाशी सोडून रात्रभर मुरू द्यावे. मधूनमधून तुकड्याच्या माथ्यावर हलके ठोके द्यावेत. त्यांनी गंजाची पकड सुटते. सकाळी पाइप पान्याने अगर घट्ट पकडीने तो प्रथम किंचित कसण्याच्या दिशेने व मग सोडण्याच्या दिशेने, असा पावपाव फेरा पुढेमागे फिरवावा. वर आटे शिल्लक असतील तर दोन नट चढवून ते एकमेकांवर घट्ट करावेत व खालच्या नटाला पाना लावून तुकडा सोडवावा. तरीही न सुटल्यास भोकाभोवतीचा धातू ब्लो लँपने तापवावा. तो फुगतो व पकड सैल होते. तापविण्यापूर्वी तेल पुसून घ्यावे, इंधनाची टाकी दूर न्यावी व जवळ वाळूची बादली ठेवावी.

तुकडा पृष्ठभागाबरोबर तुटला असल्यास त्यावर नट ठेवून आतून वेल्डिंग करून घेणे ही उत्तम रीत होय. वेल्डिंगची उष्णताही गंज सोडविण्यास मदत करते. हे काम कसबी वेल्डरकडूनच करवावे, बॅटरी असल्यास तिच्या तारा सोडाव्यात, आणि वेल्डिंगची परतीची तार त्या बोल्टाजवळच लावावी, म्हणजे विजेचा प्रवाह बेअरिंगांतून जात नाही.

तुकडा आत राहिला असल्यास भोक पाडणे भाग पडते. तुटलेला माथा सपाट करून बरोबर मध्यावर सेंटर पंचाची खूण करावी. साऱ्या कामाचे यश या खुणेवर अवलंबून असते. ती एका बाजूस गेली तर ड्रिल ठोकळ्यातील आटे खाऊन टाकते. डोळ्यांवर चष्मा चढवून प्रथम ३ मिलिमीटरचे भोक सावकाश पाडावे व मग ते क्रमाने वाढवावे. पोलादी बोल्टात ड्रिल चालविताना तेलाचे थेंब सोडीत राहावे. डाव्या दिशेने कापणारे ड्रिल मिळाल्यास कित्येकदा तुकडा ड्रिलबरोबरच बाहेर येतो.

उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर वापरताना फार सावध राहावे. तो अतिकठीण पोलादाचा असल्याने वाकत नाही, एकदम मोडतो. मोडलेल्या तुकड्यावर साधे ड्रिल चालत नाही, व मग ठोकळा शहरातील कार्यशाळेत नेण्यावाचून गत्यंतर राहात नाही. गंजलेल्या बोल्टाला आधी तेल व उष्णता द्यावी, नंतरच एक्स्ट्रॅक्टर लावावा. त्याने दाद न दिल्यास भोक आट्यांच्या मुळापर्यंत, म्हणजे ६ मिलिमीटर बोल्टाकरिता ५, ८ करिता ६.८, १० करिता ८.५ व १२ करिता १०.२ मिलिमीटर एवढे वाढवावे, उरलेली कवची टोकदार सळईने उचलून काढावी व त्याच मापाचा टॅप फिरवून आटे साफ करावेत. टॅप अर्धा फेरा पुढे व पाव फेरा मागे असा चालवावा. ठोकळ्यातील आटेच मेले असतील, तर कार्यशाळेत तारेच्या गुंडाळीचे नवे आटे बसवून घेता येतात व मूळ मापाचाच बोल्ट वापरता येतो.

केव्हा थांबावे

पुढील चार प्रसंगी घरचे काम थांबवून इंजिन कार्यशाळेत न्यावे. हेडला तडा दिसणे; हेड वाकलेले आढळणे; एक्स्ट्रॅक्टर अगर टॅप आत मोडणे; आणि हेडचा बोल्ट खोल भागात तुटून ड्रिल सरळ धरता न येणे. अशा वेळी शेजाऱ्याचे इंजिन भाड्याने घेऊन पिकाची ती पाळी देणे व आपले इंजिन नीट दुरुस्त करून घेणे हेच अंती स्वस्त पडते.

ही वेळ येऊच नये म्हणून हंगामापूर्वी, म्हणजे पावसाळा संपताच, इंजिनाची एकदा तपासणी करावी. फूट व्हॉल्व्ह व जाळी साफ करावी, पाण्याच्या वाटा पाहाव्यात, बाहेरच्या बोल्टांना तेल लावावे. इंजिनाच्या मापाचे एक हेड गॅस्केट सपाट फळीवर ठेवून, तसेच दोनचार योग्य आट्यांचे बोल्ट घरी असू द्यावेत. इंजिनाची पुस्तिका तेलकट हातांपासून दूर, पण हाताशी ठेवावी. रोज इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलाची पट्टी काढून तेलाचा रंग पाहण्यास अर्धा मिनिट पुरते. बिघाडाची पहिली सूचना बहुधा तेथेच मिळते.